मिशीची टोकं

सन २००२. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण देवळाली कॅम्पातल्या माझ्या स्टुडिओत मी ब्लेडने एका फोटोतला माणूस कापून दुसऱ्या फोटोवर असा चिकटवायचो, की जोड कुणाच्या बापाला सापडायचा नाही. सुनेने दुकानात कॉम्प्युटर आणला, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

एका दुपारी एका जवानाची बायको लेकीला कडेवर घेऊन आली. नवरा लांब सीमेवर. त्याला बारशाला येता आलं नव्हतं, लेकीला त्याने अजून पाहिलंही नव्हतं. बारशाच्या फोटोत तिला तो शेजारी उभा हवा होता. लग्नातला त्याचा फोटो तिने पुढे केला. तिच्याकडे तो एकच, त्याला ब्लेड लावायचं माझ्या जिवावर आलं.

"घरी टांगायचाय, काका. पोरीनं रोज बापाला बघावं."

सून तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मी करतो." आणि बसलो कॉम्प्युटरसमोर.

सुनेने दोन्ही फोटो त्यात घेतले, माऊस हातात दिला. जवानाच्या भोवतीने मी रेघ ओढत नेली. टोकाला टोक जुळलं, तशी ती रेघ मुंग्यांसारखी पळायला लागली. मला हसूच आलं. तेवढा माणूस उचलून बारशाच्या फोटोत ठेवला.

बाई वाकून बघायला लागली. "अहो काका, हे कोण? आमच्या ह्यांच्या मिशा कुठं गेल्या?"

गालाबाहेर आलेली दोन्ही टोकं साफ उडाली होती! मागची कड दिसू नये म्हणून ब्लेड केसभर आतून चालवायचं, ही माझ्या हाताची जुनी सवय; माऊसही तसाच चालवला होता.

"आप्पा, इथं रेघ बाहेरून घ्या, जास्तीचं नंतर काढता येतं," सून म्हणाली. "सरका, मी करते."

"तू नुसतं सांग. माऊस नाय देणार."

चेहरा मोठा करून घेतला. सुटलेली मिशी रेघेत जोडली, मागचं मांडवाचं कापड वगळलं, कड जराशी मऊ केली. आता केस न् केस आला. पुन्हा ठेवला, तर गडी मिशीला पीळ देऊन लेकीशेजारी उभा!

"हेच! हेच आमचे!" बाईने पोरीला पडद्याजवळ धरलं, तर तिने बापाच्या मिशीवरच चापट मारली. आम्ही तिघं पोट धरून हसलो.

शोकेससाठी एक प्रत ठेवू का, विचारलं. "ठेवा की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोकेसमधला माझ्या ब्लेडचा नमुना काढला आणि मिशीवाला लावला. बाहेर दोन खुर्च्या टाकल्या, एक सुनेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत राहिलो, "या, जोड शोधून दाखवा!"