देवीखालची एअरबॅग

अमळनेर सोडलं तेव्हा माझे वडील, नाना, ऐटीत माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसले होते. आणि तिथं बसणं धोक्याचं, म्हणून तर आम्ही धुळ्याला निघालो होतो! गाडीच्या कंपनीचा मेसेज आला होता: त्या सीटसमोरच्या एअरबॅगमध्ये दोष आहे, फुकट बदलून देऊ, तोवर तिथं कोणाला बसवू नका. मी नानांना मागं बसा म्हणून परोपरीनं विनवलं. त्यांनी डॅशबोर्डवरच्या सप्तशृंगीच्या मूर्तीकडे बोट दाखवलं.

"देवी शे ना समोर." (देवी आहे ना समोर.)

झालं! कंपनीची काय बिशाद!

दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या. एरवी मी थांबून फोटो काढले असते. आज जीव मुठीत धरून गाडी चालवत होते. पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला की आधी नानांकडे बघायची. वाटेत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) खाल्ली. नानांनी ठेच्याबरोबर दोन भाकरी हाणल्या. पुन्हा वाद घालण्याच्या नादात माझं वळण हुकलं आणि महामार्गावर आम्ही थेट मुंबईच्या दिशेला लागलो.

"धुये मांगे राही गयं," नाना शांतपणे म्हणाले. (धुळं मागं राहिलं.)

गाडी वळवून धुळ्याला पोचलो. वर्कशॉपमध्ये योगेश नावाचा मेकॅनिक गाडीत डोकावला आणि थबकलाच.

"ताई, पार्ट बदलतो, पण मूर्ती नेमकी एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलीय. बॅग फुटली तर देवीच या आबांच्या तोंडावर येईल. आपल्याकडे निम्म्या गाड्यांत देव इथंच बसवतात."

"तुनी मायनी चिटकाडेल शे," नाना मला म्हणाले. (तुझ्या आईनं चिकटवलीय.) "राहू दे. चाल घर."

आई गेल्यापासून तिनं ठेवलेली एकही वस्तू त्यांनी हलवू दिली नव्हती. मला रडूच फुटलं. "नाना, मलाही आईची मूर्ती हवीय, पण तुम्ही जास्त हवे आहात," सगळ्या वर्कशॉपसमोर मी बोलून गेले.

योगेश आत गेला आणि नवी गाडी देताना पूजेला लागतं ते ताट घेऊन आला.

"आबा, देवी काढायची नाही. पूजा करून नुसती जागा बदलू."

नानांनी वहाणा काढल्या, मूर्तीला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, काहीतरी पुटपुटले. मग योगेशनंही बूट काढले. बारीक दोऱ्यानं चिकटपट्टी कापत त्यानं मूर्ती सोडवली आणि नानांच्या ओंजळीत ठेवली.

दुपारपर्यंत काम झालं. "आता खुशाल पुढं बसा," योगेश म्हणाला, "फक्त मूर्ती मांडीवर घेऊन नको."

नानांनी मूर्तीकडे पाहिलं, स्वतःच मागचं दार उघडलं आणि ती घेऊन आत बसले.

धुळं सुटल्यावर मागून आवाज आला.

"तुनी माय आठेच बसे." (तुझी आई इथंच बसायची.)

"हो नाना."

"आठून रस्ता दिखत नही." (इथून रस्ता दिसत नाही.)

शेजारची सीट रिकामी असूनही मला फार बरं वाटत होतं. नानांसोबत खूप फिरले असेन, पण इतकी निवांत मी कधीच नव्हते. ऊन उतरलं होतं, दोन्हीकडे तोच पांढरा कापूस. आरशात पाहिलं. नानांनी काच खाली केली होती आणि देवीला बाहेरचा रस्ता दिसेल अशी मूर्ती खिडकीशी उचलून धरली होती.