रीलमध्ये न दिसणारा माणूस

खोटं कशाला बोलू, मला नाद लागला होता. मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिला नऊवारी नेसवली, त्या कुरळ्या केसांत कसाबसा अबोलीचा गजरा बसवला आणि एक रील टाकलं. दोन दिवसांत आमच्या शिनोली गावात बायका मला रस्त्यात थांबवून तिच्याबद्दल विचारायला लागल्या. टीव्हीवर परदेशी नवरे केलेल्या नट्या आणि त्यांची घाऱ्या डोळ्यांची बाळं दिसली की याच बायका हरखून जायच्या. ‘मिक्स बाळ लई देखणं असतंय,’ म्हणायच्या. म्हटलं, मग माझं का नको? माझी तर त्यांच्याहून देखणी आहे. तिचा बाबा टांझानियाचा, पुण्यात शिकायला आलेला. मी मेंढपाळाची लेक. कोरोनात आम्ही पुणं सोडून माझ्या माहेरी आलो ते इथंच राहिलो. तो घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो आणि मराठी आमच्या आळीतल्या माणसांसारखीच बोलतो.

त्याला एकदाच रीलमध्ये घेतलं. लेकीला खांद्यावर घेऊन तो बांधावरून चालतोय, एवढंच. खाली लोकांनी जे लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. नट्यांचे नवरे गोरे होते आणि माझा काळा, एवढाच काय तो फरक. मी ते रील काढून टाकलं आणि पुन्हा त्याला घेतलं नाही. त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी मोबाईल उभा करायला लागले की तो आपणहून आतल्या खोलीत जायचा. मला तेव्हा ते सोयीचं वाटायचं.

मुलगी पाच वर्षांची झाली त्या सुमाराची गोष्ट. मुलं पळवणारी टोळी तालुक्यात फिरतेय, असा मेसेज ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येत होता. शहाणपणा बघा माझा, मीही तो माहेरच्या ग्रुपवर पुढं पाठवला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तालुक्याच्या गावी, घोडेगावला गेलो. मला कचेरीतून एक दाखला काढायचा होता. रांग मोठी होती, म्हणून तो मुलीला घेऊन समोरच्या रसवंतीवर गेला.

दाखला घेऊन बाहेर आले तर रसवंतीसमोर पन्नास-साठ माणसं गोळा झालेली. मला वाटलं, अपघात झाला. जवळ गेले आणि माणसांच्या फटीतून तो दिसला. दोन्ही हात छातीपाशी उघडे धरून उभा होता. एकानं त्याचा सदरा मुठीत पिळला होता. मुलीला कुण्या अनोळखी बाईनं कडेवर घेतलं होतं.

“ही त्या रीलवाल्या ताईंची पोरगी हाय. आमची मंडळी रोज बघती हिला,” एकजण सांगत होता. “ह्यो कोण? ह्याला कुणी पायलंय का कधी?”

“माझी मुलगी हाय, भाऊ. हिची आई कचेरीत गेलीय,” तो म्हणाला.

“मराठी बी शिकून आलाय, राव,” कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली. चिडलेली माणसं मी पाहिली होती. ही मजेत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी लगेच पुढं झाले नाही. जो तो मोबाईल वर धरून उभा होता. भ्याले होते हे खरं, पण मनात हेही आलं की हा माझा नवरा हे आता सगळ्यांना कळणार. दोन क्षण असतील. तेवढ्या वेळात त्याला काहीही झालं असतं.

तेवढ्यात गर्दीतले एक म्हातारेबाबा मधे शिरले. “आरं, थांबा. माझा जलम मेंढरात गेलाय. कोकरं सोडली की शंभरातनं ज्याची त्याची आय हुडकत्यात, तितं कुणाचं चालत न्हाई. पोरगी खाली सोडा. कुणाकडं जाती बगा, मग काय ते करा.”

माझा जीव भांड्यात पडला. आमच्या घरी मी हे रोज पाहिलंय. संध्याकाळी मेंढ्या परत आल्या की वडील कोकरं मोकळी करायचे आणि घटकाभरात जे ते कोकरू आपल्या आईपाशी. माझी लेक तर बाबाची शेपूट. म्हटलं, सुटलो.

बाईनं तिला खाली ठेवलं. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं हात पुढं केले. दोघांमध्ये फार तर चार पावलं होती. मुलीनं त्याच्याकडं पाहिलं, मग भोवतीच्या मोबाईलांकडं पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून तिथंच उभी राहिली.

“बगा, वळखत बी न्हाई,” कुणीतरी ओरडलं. सदरा टरकन फाटला. त्याचं डोकं खाली गेलेलं दिसलं आणि मी माणसांना ढकलत, ओरबाडत आत घुसले. “आमचे मालक आहेत ते. सोडा त्यांना. सोडा म्हणते ना,” एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. आवाज माझा वाटत नव्हता.

“ताईच हायेत की,” रसवंतीवाला म्हणाला. आणि तेवढ्यावर सगळं थांबलं. ज्यानं सदरा धरला होता त्यानंच त्याच्या पाठीवरची धूळ झटकली. “पावणं, राग मानू नका. तुमी रीलमधी कधी दिसला न्हाई, आमाला काय म्हाईत?” कुणी रसाचा ग्लास आणून दिला. मग एक पोरगी लाजत पुढं आली आणि तिनं आमच्यासोबत फोटो मागितला. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही, एवढी मी भ्याले होते. तोही फाटक्या सदऱ्यात माझ्या शेजारी उभा राहिला आणि हसला.

परत येताना जीपमध्ये तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मी मुलीला मांडीवर घेऊन मागं. घोडेगाव मागं पडल्यावर तिच्या कानाशी लागून मी विचारलं, “बाबाकडं का गेली नाहीस गं, बाळा?”

“सगळ्यांचे मोबाईल चालू होते ना,” ती म्हणाली. “तूच सांगतेस, मोबाईल चालू असला की बाबाला हाक मारायची नाही. त्याच्याकडं जायचं नाही.”

ती काही कानात बोलली नव्हती, मोठ्यानं बोलली होती. पुढच्या सीटवर तो मान न वळवता बसून राहिला. त्याला मराठी सगळं समजतं.