पहिल्या बसचा अर्ज
सुकटीचा वास आला की मला तलासरीतलं मुलींच्या वसतिगृहाचं ऑफिस आठवतं. २०१६ साली तिथली प्रवेशयादी दाखवणारं वेबपान मी पीएचपी या संगणकभाषेत लिहिलं होतं. यादी लागली त्या सकाळी झाई या किनाऱ्यावरच्या गावचे एक काका टेबलापाशी आले. "पोरीचं नाव नाय यादीत. मी तर पहिल्या बसने येऊन सगळ्यांच्या आधी अर्ज दिलेला." अर्जांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली तो सापडला, सुकटीच्या वासाचा. डेटाबेसमध्येही नाव पहिलंच होतं. यादी रिकामी नाही ना, हे बघायला माझा प्रोग्रॅम पहिली ओळ आधीच वाचून घेत होता आणि मग दुसरीपासूनच दाखवत होता. "तुमचा नंबर पहिला, म्हणून गळला," मी ओशाळून म्हटलं. चूक तिथल्या तिथे सुधारली. तरी पुढल्या वर्षी धाकटीचा अर्ज घेऊन काका आले, ते दुसऱ्या बसने.