व्याह्याच्या नावानं केलेली घासाघीस

एक सांगा मला, धंद्यात विश्वास कुणावर ठेवावा? मॅनेजरवर? सोयऱ्यावर? कंप्युटरवर? थांबा, घाईनं बोलू नका. चहा येऊ द्या, माझी फजिती ऐका, मग काय ते सांगा.

आमचं सोलापूरला नव्या पेठेत चादरी-टॉवेलांचं दुकान. शिक्षण बेताचं, पण भाव करण्यात मला अख्ख्या पेठेत तोड नाही. पोरीनं हट्ट धरला म्हणून दुकानाची वेबसाइट करायला घेतली. काम दिलं शेजारच्या तेजश्रीला. हुशार पोरगी, पण तोंडाला धार!

ती म्हणाली, "काका, ह्या फ्रेमवर्कबरोबर, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्याबरोबर, मालकाची खोली तयारच मिळते. तिला अ‍ॅडमिन म्हणतात. माल टाका, काढा, ऑर्डरी बघा, कुणी काय बदललं त्याची नोंद बघा."

"एवढंच? सुताचा भाव? पंचांग? सिद्धाराम दुकानात किती वाजता आला ते?"

"काका, सगळ्या दुकानांना लागतं तेवढंच त्यात ठेवतात. तुमच्या एकट्याच्या जिवाची घालमेल त्यात कोंबायची नसते."

घालमेल! शब्द बरोबर होता हो. सिद्धाराम आमचा मॅनेजर, अक्कलकोटकडचा, जुना माणूस. भाव कमी-जास्त करायचा हक्क मी नुकताच त्याच्या हाती दिला होता, आणि तेव्हापासून मला घरी बसवेना. जेवताना पाय हलायचा. बायको म्हणायची, "ताट सांडेल!"

मी तेजश्रीला म्हटलं, "एक बटण दे. गिऱ्हाइकाच्या नावानं आत शिरायचं. दुकान त्याला कसं दिसतं ते मला बघायचंय."

"फ्रेमवर्क बनवणाऱ्यांनी असलं बटण मुद्दाम ठेवलेलं नाही, काका."

"दुकान माझं का बनवणाऱ्यांचं?"

"बरं, देते. पण वर लाल पट्टी राहील, तुम्ही कुणाच्या नावानं आत आहात ते सांगणारी. आणि नोंदीत 'मालकानं केलं' असं पडेल."

"पट्टी काढ, डोळ्यांवर येते. आणि मालकाची कसली नोंद? मालक काय चोर आहे?"

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दोन्ही काढून टाकलं.

आता आमच्या स्वातीचं लग्न कुर्डुवाडीला ठरलेलं. व्याही भगवानराव, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मानी माणूस. आहेरासाठी टॉवेल-टोपी लागणार, तर त्यातले टॉवेल त्यांनी आमच्याच वेबसाइटवरून मागवले. फुकट घेणार नाहीत, भावावर अवाक्षर काढणार नाहीत. व्याह्या-व्याह्यांत भाव करायचा नसतो, ही रीतच आहे आपल्याकडं.

आणि मी शिरलो कुणाच्या नावानं? त्यांच्याच! म्हटलं, सोयऱ्यापुढं सिद्धाराम विरघळतो का ते बघू.

दुपारी जेवण झाल्यावर घरूनच त्यांच्या ऑर्डरीखाली निरोप टाकला : "भाव लई हाय. जरा कमी करा."

दुकानातून सिद्धारामचं उत्तर आलं : "पाहुणे, तुमच्यासाठी नगामागं दोन रुपये कमी."

दोनवर थांबणारा मी? अंगात वारंच शिरलं! शेजारच्या दुकानाचा भाव सांगितला. टॉवेलाचं सूत विरळ आहे म्हटलं. माझ्याच टॉवेलाचं! लग्नाचा खर्च आवरत नाही म्हणून रडलो.

"मालकाला विचारून सांगतो की."

"मालकाला सांगू नका! माझी लाज जाईल."

जरा वेळानं उत्तर आलं : "बरं पाहुणे, खरेदीच्या भावात घ्या."

सापडला! तसाच रिक्षानं दुकान गाठलं.

"काय रे सिद्धाराम, व्याह्यांना टॉवेल खरेदीच्या भावात?"

त्याचा चेहरा उतरला. "मालक, पोरीचं लगीन हाय की. पाहुणा लई अडलाय... पण तुमाला कसं कळलं? त्यांनी तर सांगू नका म्हटलं होतं."

झाली ना पंचाईत? मी शर्टाचं बटण चाचपत बसलो.

तो पुढं म्हणाला, "म्हणून मीच फोन केला त्यांना. लाजू नका म्हटलं, होतं असं लग्नात."

"फोन केलास?"

"व्हय की. बस्त्यासाठी सोलापुरातच आलेत, स्वातीताई बी संगंच हाईत. हितंच येतो म्हणाले."

तेवढ्यात पायरीवर भगवानराव! मागं विहीणबाई, स्वाती आणि पिशव्या.

"पाहुणं, मी टावेलासाठी रडलो? कवा?"

सिद्धारामनं निरोप दाखवले. भगवानराव लाल झाले. तेजश्रीला बोलावलं. तिनं नोंद उघडली आणि शांतपणे वाचलं, "भगवानराव यांच्या खात्यातून."

"म्हंजी मी खोटं बोलतोय? आदी ह्ये मिटवा, मंग बस्ता!"

विहीणबाईंनी पिशव्या उचलल्या. "चला हो."

स्वातीनं माझ्याकडं बघितलं. सिद्धाराम खाली मान घालून उभा. तेजश्री मात्र एकटक माझ्याकडं. तिला ठाऊक होतं, पण बोलेना. नोंदीत माझं नाव कुठंच नव्हतं, आणि ते पुसायला लावलं होतं मीच! गप्प बसलो असतो तर वाचलोही असतो. पण पोरीचं लग्न मोडलं असतं हो.

"पाहुणे," मी म्हटलं, "तो रडणारा मी."

सगळं सांगितलं.

भगवानरावांनी चष्मा चढवला आणि सगळे निरोप पहिल्यापासून वाचले. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रागानं. बघतो तर गडी हसतोय!

"आगं ऐकलं का, माझ्या नावानं काय झकास भाव केलाय ह्यांनी! मला जन्मात जमलं नसतं!"

माझा जीव भांड्यात पडला. पण पडला आणि तिथंच अडकला, कारण ते पुढं म्हणाले, "भाव माझ्याच नावावर मंजूर झालाय न्हवं? मंग त्याच भावात द्या. आन चादरींचा बी असाच करून द्या की, तुमीच. माझ्या नावानं!"

सिद्धारामनं बिल काढलं. "मालक, घेणाऱ्याची सही कुणाची घेऊ? त्यांची का तुमची?"

तेजश्री म्हणाली, "काका, आणखी एक बटण घालू? मालकापासून दुकान वाचवायचं?"

गिऱ्हाइकाच्या नावानं आत शिरायचं ते बटण आता गेलं. लाल पट्टी मात्र मी मागून घेतली, आता तिच्यावर माझंच नाव असतं. नुसती डोळ्यांपुढं असली की पाय हलायचा थांबतो.

तर तुम्हीही दुकानात या, मन भरून भाव करा. पण मंडळी, हिशोब तेवढा खरा ठेवा, आणि त्यावर नाव आपलंच घाला. दुसऱ्याच्या नावानं केलेली घासाघीस फार स्वस्त पडते हो, पण पडते ती दुसऱ्यालाच!