धुळीचा वैरी

धुळीशी वैयक्तिक वैर धरलेला माणूस आख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघावा, हे माझं नशीब. सातपूरच्या एका शेडमध्ये तो द्राक्षबागांसाठी तांब्याची फवारणी बनवायचा. तिच्यातले कण इतके बारीक की डोळ्यांना नुसतं रंगीत पाणी दिसावं. कण किती बारीक झाले हे मोजायला त्यानं एक जुनं यंत्र आणलं होतं. पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर ते लेझरचा उजेड टाकतं आणि त्यांच्या थरथरीवरून आकार सांगतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथं मदतीला, म्हणजे बोलणी खायला, जात असे.

जावयाचा मान त्यानं कधी मोडला नाही. ओरडायचा तो 'अहो-जाहो' करूनच. मी एकदा अंगाला पावडर लावून गेलो, तर "दाजी, तुम्ही माणूस आहात की पिठाची गिरणी?" म्हणत त्यानं मला दाराबाहेर उभं केलं. नमुना पातळ करायला मी मोठ्या हौसेनं बाटलीबंद पाणी नेलं, तेव्हा त्याच्या कानशिलाची शीर टरारली. "त्यात क्षार असतात! कण एकमेकांच्या गळ्यात पडतात! तुम्ही काय लग्न लावायला आलात का त्यांचं?" काचेची चौकोनी कुपी वरच्या कडेलाच धरायची, खळाखळा हलवायची नाही, यंत्रात ठेवली की लगेच बटण दाबायचं नाही. "पाहुणा आल्या आल्या त्याचा पगार विचारता का? बसू द्या की तिला जरा!" घरी ताकाचं भांडं कुणी हलवलं तरी हा बुडबुडे विरेपर्यंत रागानं बघत बसायचा.

त्या दसऱ्याला पिंपळगावचे एक बागायतदार निकाल बघायला येणार होते. ऑक्टोबरची छाटणी उरकत आली होती. आकडा बरोबर आला तर त्यांच्या गटातल्या साऱ्या बागांवर ह्याची फवारणी जाणार; नाही आला, तर शेडला कुलूप. सकाळी हा आंघोळीला गेलेला असताना मी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि उघड्या कुपीशेजारी चांगल्या चार उदबत्त्या खोचल्या. अशा दिवशी देवाचीही साथ हवी ना!

आकडा आला तो डोंगराएवढा. धुराचा एक कण इतका उजेड उधळतो की त्याच्यापुढं बारकं काही दिसतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं, तेही शेजारच्या तीन शेडांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "दाजी, पूजा करायचीच होती तर माझी करायची! फोटोला हार घालून!"

मग त्यानं फरशी पुसली, कुप्या धुतल्या, सिरिंजला गाळणी लावून पाणी गाळलं, नमुना बर्फात ठेवून ध्वनिलहरींनी त्यातले चिकटलेले कण सुटे करून घेतले आणि पुन्हा मोजलं. पडद्यावरच्या आलेखातला डोंगर गेला, पण मोठ्या कणांची एक टेकडी राहिली. पुन्हा मोजलं, तरी राहिली. कण खरोखरच एकमेकांना चिकटत होते.

मी हळूच म्हटलं, "नमुनाच गाळून घे की. मोठे निघून जातील."

"पाणी गाळायचं, दाजी. माल नाही." पहिल्यांदाच तो ओरडला नव्हता.

"मग उदबत्तीवर ढकल. माझ्यावर ढकल."

"आता कुठंय उदबत्ती?"

बागायतदार आले. ह्यानं टेकडी दाखवली आणि म्हणाला, "अण्णा, यंदा नको. नोजलं तुंबतील."

अण्णांनी पडदा बघून टोपी सारखी केली. "लय वंगाळ खरं बोलतोस गड्या," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

शेड गेली. मेहुणा आता वापीला दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करतो. यंत्र माझ्या घरी, चादरीखाली. दर दसऱ्याला मी त्याला फोन करून मुद्दाम सांगतो, "यंत्रासमोर उदबत्ती लावलीय रे," आणि रिसीव्हर कानापासून लांब धरावा तसा मोबाइल लांब धरतो. मग वर्षभर पुरेल एवढं ऐकून घेतो.

यंदाही धरला. पलीकडं काहीच आवाज नाही. कानाला लावला, तेव्हा तो म्हणत होता, "लावा दाजी. आता काय."

फोन ठेवला आणि उदबत्ती उचलून अंगणात नेली. मग आत येऊन चादर झटकायला हात घातला, आणि धूळ उडेल म्हणून तसाच मागं घेतला.