भुरक्याचा सराव

माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, खीर भुरकतात. घास चावतानाही त्यांच्या तोंडातून एक ओला, चिकट आवाज येतो. इतरांच्या तो लक्षातही येत नाही. माझा मात्र जबडा आवळतो, कानशिलं तापतात आणि ताट भिरकावून द्यावंसं वाटतं. माणूस सज्जन आहे, हे ठाऊक असूनही.

त्यामुळे सलग दोन श्रावण मी चोपड्याकडच्या आमच्या गावी कानबाईच्या रोटाला बसले नाही. रोट म्हणजे देवीचा नैवेद्य. घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजून घेतलेल्या गव्हाचा, आणि तो फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून संपवायचा. एकदा मी पोटाचं निमित्त सांगितलं, एकदा डोक्याचं. दुसऱ्या वेळी जेठाणी फटकन म्हणाल्या, "तुले आमना ताटनी शिसारी शे, तसं सांग ना! पुढला सालले नही बठनी तर आपला रोट न्यारा."

रोट वेगळा म्हणजे नातंच तुटलं. जेठांनी हातातली खिरीची वाटी खाली ठेवली. ते मला जास्त लागलं.

जळगावात एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. त्यांनी सांगितलं, आवाज ठरवून ऐकायचा, थोडा थोडा. नवऱ्याने गावी जाऊन भाऊ जेवताना फोनवर आवाज टिपून आणला. मी रोज दुपारी अर्धा मिनिट तो लावायचे. जबडा सैल सोडायचा, श्वास लांबवायचा, 'माणूस जेवतोय, बस' असं म्हणायचं आणि त्रासाला दहापैकी आकडा द्यायचा. नवावरून मी चारवर आले.

एका दुपारी सराव संपवून भाकरी खायला बसले, तर आवाज पुन्हा सुरू. फोन पाहिला, बंद होता. उठून खिडकी लावली, भिंतीला कान लावला. शांत. ताटावर बसले, की पुन्हा तोच ओला, चिकट आवाज, अगदी जवळून.

मुलगी दारात उभी होती. "आई, तू मोठ्या काकांसारखी का खातेस?"

समुपदेशक बाई म्हणाल्या, "होतं काहींचं. तोंड नकळत नक्कल करतं." मी त्या दिवसापासून ओठ मिटून जेवू लागले.

यंदा रोटाला बसले, जेठांच्या समोरच. नवऱ्याने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. ते ओठ घट्ट मिटून, कपाळावर घाम येईपर्यंत सावकाश चावत होते. पंगतीत कोणी बोलत नव्हतं.

तरी आवाज आला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा हात ताटात थांबलेला, तोंड स्थिर. सगळे माझ्याकडे बघत होते.

"अवं माय!" जेठाणी पुटपुटल्या.

जेठ माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी खिरीची वाटी उचलली आणि मोठ्ठा भुरका मारला. मीही मारला. जबडा सैल होता.

रोट उरता कामा नये. आम्ही तो संपवला. शेवटी शेवटी कुठला आवाज कोणाचा, ते मला सांगता आलं नसतं.