निळी बॅग आणि रत्नमालेचं साक्षगंध

देवीदास वैरागडे भिलाईच्या कारखान्यात, रेल मिलमध्ये क्रेन चालवत. खालच्या माणसाचा हात दिसल्याशिवाय त्यांनी हुक कधी हलवला नाही, असं माझे यजमान सांगत. यजमान गेल्यावर मी सेक्टर १० चं क्वार्टर सोडून वैशाली नगरला आले, तर शेजारी हेच देवीदासभाऊ.

इतका सावध माणूस फसला तो सवयीपायी. कारखान्यात घरभाडं, वीज, विमा, सोसायटीचं कर्ज सगळं पगारातूनच कटतं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्या खिडकीवर बिल भरलं नव्हतं. चौऱ्याण्णव साली सायकल स्टँडजवळ एका बँकेच्या माणसांनी टेबल मांडलं. क्रेडिट कार्ड फुकट, वर निळी प्रवासी बॅग फुकट. फक्त पगाराची पावती जोडायची आणि सही करायची. पावती घेतली म्हणजे पगारातूनच कटणार, असं देवीदासभाऊंनी धरलं. मुलीच्या, रत्नमालेच्या, लग्नासाठी त्यांनी दुर्गला त्या कार्डावर टीव्ही आणि साड्या घेतल्या. बँकेचे इंग्रजी कागद येत, ते पावत्यांसोबत तारेला टोचून ठेवत. इन्सेंटिव्हमुळे पगार दर महिन्याला वेगळाच येई. काय कटलं, काय नाही, कळायला मार्ग नव्हता.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दुपारी बँकेचा वसुलीचा माणूस त्यांच्या फाटकाशी उभा राहिला. देवीदासभाऊ त्याला हाताला धरून माझ्या व्हरांड्यात घेऊन आले.

"काकू, याले इथंच बसवा जी. पाहुणे येऊन राहिले."

तो माणूस आवाज न चढवता म्हणाला, "माताजी, पाँच बजे तक बैठूँगा. फिर सबके सामने बात होगी."

मी त्याच्याकडचा, देवीदासभाऊंच्या सहीचा कागद उलटून वाचला. पुढे 'फुकट' हा शब्द बोटाएवढा होता. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत बाकीचं होतं: फुकट ते पहिलंच वर्ष, पुढे वार्षिक फी, राहिलेल्या रकमेवर महिन्याच्या महिन्याला व्याज, उशिराचा दंड, आणि त्या दंडावरही व्याज. टीव्हीची किंमत दुप्पट झाली होती.

"हे कवा ठरलं, काकू?"

"तुम्ही सही केली तेव्हाच. आधी माझ्याकडे का नाही आणलंत?"

"फुकटची वस्तू वाचून कोण घेते जी?"

त्यांची बायको मथुरा कुंपणाशी आली. वरपिता भाऊराव डोंगरगडला रेल्वेत होते. मुलीकडच्यांनी उधारी लपवली म्हणून त्यांनी आधीची एक सोयरीक मोडली होती, हे सगळ्या नात्यात माहीत होतं. "त्यायले कळलं तं माही पोरगी घरीच राहीन," ती म्हणाली.

तेवढ्यात पाहुणे उतरले. वरमाईच्या हातात निळी बॅग होती. वसुलीवाला ताडकन उठला. "माताजी, ये बैग तो हमारी है!"

"बसा," मी म्हटलं. "पाच वाजायचे आहेत."

मी पलीकडे गेले तेव्हा पाट मांडून झाला होता आणि रत्नमाला मान खाली घालून बसली होती. देवीदासभाऊ मात्र उभेच. मथुरेने डोळ्यांनी विनवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"भाऊरावजी, कुंकू लागाच्या आधी एक सांगतो. माह्यावर बँकेची उधारी निघाली. वसुलीवाला बाजूले बसला हाये."

भाऊरावांचा सुपारी फोडणारा हात थांबला. "आन हे सांगाले आज सवड भेटली तुमाले?"

"आजच कळलं जी. त्या फुकटच्या कार्डाचे पैसे पगारातून कटून राहिले असं मले वाटे."

भाऊरावांचा चेहरा लाल व्हायचा तो हळूहळू पांढरा पडला.

"म्हंजे... कटत नाई?"

"नाई."

वरमाईने मांडीवरची बॅग खाली ठेवली. "अहो, तुमीबी घेतलं? कावून घेतलं?"

"बॅग भेटून राहिली होती," भाऊराव पुटपुटले. मग देवीदासभाऊंकडे वळून म्हणाले, "तुमी निदान सांगितलं तरी. बसा आता, मुहूर्त चालला."

रत्नमालेची साडी त्याच निळ्या बॅगेतून निघाली. कुंकू लागल्यावर दोघे व्याही माझ्या व्हरांड्यात आले आणि वसुलीवाल्यापुढे शाळकरी मुलांसारखे बसले. त्याने मुदत दिली, पण व्याज सोडलं नाही.

देवीदासभाऊंनी सोसायटीचं कर्ज काढून बँकेचं खातं मिटवलं. त्यानंतरच्या पगाराच्या दिवशी ते पावती घेऊन माझ्याकडे आले. सोसायटीच्या हप्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"आता कटून राहिलं, काकू."